रंकाळ्यावरचं मालवण

माणूस कुठं कापायचा हे माझ्या वडिलांनी मला शिकवलं तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. "खाटीक सांध्यावर कापतो," आबा म्हणायचे, "फोटोवाल्यानं सांध्यावर कापायचं न्हाय. मनगटावर पातं आलं की माणूस थोटा दिसतोय, गुडघ्यावर आलं की लंगडा. कोपराच्या वर काप, मांडीच्या मधनं काप. कापल्यालं कळता कामा नये." मग कटरचं हातभर पातं खाली यायचं, खच्च, आणि कुणाच्या तरी मेव्हण्याचा अर्धा खांदा टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात पडायचा. त्या डब्यात संध्याकाळपर्यंत हात, पाय, नको असलेल्या आत्या, म्हशींची शिंगं, देवळाचे कळस असा सगळा कत्तलखाना जमलेला असे. बाकीच्या मुलींकडं बाहुल्या होत्या, माझ्याकडं सुटे अवयव होते, आणि खरं सांगते, मला बाहुलीचा हेवा कधीच वाटला नाही.

स्टुडिओ खाली आणि आम्ही वर. जिन्यातून फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास थेट चुलीपर्यंत यायचा, त्यामुळं आईच्या आमटीला एक चव अशी होती की ती मला पुढं कुठल्याच घरात सापडली नाही. शेजारी तालीम. पहाटे पैलवान शड्डू ठोकायला लागले की आमच्या काचेच्या कपाटातल्या फोटोंमधल्या नवरा-नवरींच्या जोड्या थरथरायच्या. दिवसभर वर आईचा वरवंटा, खाली आबांचं कटर आणि मध्ये आमच्या घरातली रोजची मारामारी. ती मारामारी म्हणजे भांडण नव्हे, बोलण्याचाच एक प्रकार. मीठ कमी पडलं तर आबा ताट भिरकावायचे, ताट भिरकावलं तर आई बत्ता. एकदा बत्त्याचा नेम चुकला आणि फोटो मोठे करायच्या एन्लार्जरचा बल्ब फुटला, तेव्हा दोघंही एकदम गप्प झाली, कारण बल्ब पुण्याहून मागवावा लागे. माझ्या गालाला आबांची पाची बोटं पाठ होती. पण आमच्या मारात एक गोष्ट होती: त्याचा आवाज व्हायचा. सगळी गल्ली ऐकायची, मध्ये पडायची, वर चहा पिऊन जायची. बिनआवाजाचा मार मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

आता समुद्राकडं येते. कोल्हापूरच्या माणसाला समुद्राची फार हौस. घाट उतरला की समुद्र, पण घाट उतरायला रजा लागते, नव्या नवरीला एसटी लागते, आणि सासू सोबत यायचं म्हणते. आबांनी यावर तोड काढली होती. ते लोकांना आमच्याच रंकाळा तळ्यावर न्यायचे आणि मालवणला नेल्याचा फोटो हातात द्यायचे. पोटाशी धरून वरून आत बघायचा तो दोन भिंगांचा कॅमेरा तिकाटण्यावर चढवायचा, माणसं पाण्याच्या अगदी कडेला उभी करायची आणि सूर्य हातभर वर असताना थांबायचं. "कॅमेरा ज्या उंचीवर, त्या उंचीवर पाण्याची रेघ माणसाला कापतीया," हे आबांचं दुसरं शास्त्र. "कंबरंवर कापू दे. गळ्यावर रेघ आली तर मुंडकं उडाल्यागत दिसतंय. लोक पैसं देऊन मुंडकं उडवून घेत न्हाईत." पलीकडचा काठ उन्हाच्या झळाळीत बारीक काळी रेघ होऊन जाई. बघणारा तिला कोकणातला डोंगर समजे. राहिलं काय, तर रंकाळ्याची खूण असलेला कडेचा दगडी संध्यामठ, धोबी आणि म्हशी. निगेटिव्ह चौकोनी असल्यामुळं हे सगळं तिच्यात यायचंच, पण फोटो उभा द्यायचा असल्यामुळं दोन्ही बाजू कटरखाली जायच्या. उरायचा तो समुद्र. शहरातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर आमचं मालवण लटकत होतं. आणि आबांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता!

विलासराव दिवाणजी आमच्याकडं आले ते चैत्रातल्या एका दुपारी. गुळाच्या अडतीवर काम करणारा, पांढऱ्या सदऱ्याचा, तेल लावून भांग पाडलेला माणूस. आवाज इतका मऊ की पुढं वाकून ऐकावा लागे. मागं त्यांची बायको सुलोचना, पदर कपाळावरून डोळ्यापर्यंत ओढलेला.

"समुद्राचा पायजे," विलासराव म्हणाले. "सूर्यास्ताचा. तोंडं काळी येत्यात बघा, तसला."

"तोंडं दिसलेली बरी असत्यात, पावणं," आबा म्हणाले.

"काळाच पायजे."

गिऱ्हाइकांना नटायला आमच्याकडं पडद्यामागं एक कोपरा होता. आरसा, साखळीनं बांधलेला कंगवा, पावडरचा डबा. बाईमाणूस आलं की आई खाली येऊन त्यांचं बघायची. त्या दिवशी ती पडद्यामागं गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात रिकामा डबा होता.

"पावडर पुरंना," ती आबांना म्हणाली.

"पुरंना म्हंजे?"

"म्हंजे डबा संपला आन् डोळा ऱ्हायलाच."

हे तिनं जेवायला वाढल्यासारखं सांगितलं आणि ती वर गेली. मी पाठोपाठ गेले. वर जाऊन ती वरवंटा हातात घेऊन पाट्यापाशी बसली. मग मला सगळं सांगितलं. बाईचा डावा हात मनगटाच्या वर मोडलाय, फडक्यानं बांधलाय. गावच्या यात्रेला तिला न्यायला भाऊ येणार आहेत आणि त्यांनी ती अशी बघायला नको. म्हणून नवरा त्यांना कळवणार, आम्ही मालवणला हवापालटाला आलोय, महिनाभर येऊ नका. खूण म्हणून हा फोटो. तोवर ती कोंडलेलीच. "माझ्या भावास्नी कसंबी करून कळवा, आजऱ्यात काजूच्या कारखान्यावर हाईत," एवढं ती बोलली आणि पडद्याबाहेर नवरा खोकला. नाव नाही, पत्ता नाही. आजऱ्यात काजूवर नसलेला माणूस शोधणंच अवघड!

रंकाळ्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं मीच खांद्यावरून नेलं. सूर्य उतरत होता, धोब्यांची आपटबडव चालली होती. एक म्हैस नेमकी फ्रेममध्ये येऊन उभी राहिली. "म्हस घ्या की बाजूला!" आबा ओरडले. म्हातारा गुराखी हसला आणि काही हलला नाही. तेव्हा विलासराव गेले. त्यांनी गुराख्याच्या हातातली काठी हळूच काढून घेतली, त्याच्या नडगीवर एकदाच मारली, आणि काठी परत त्याच्या हातात दिली. म्हैस कडेला सरकली आणि म्हातारा मटकन खाली बसला. ओरडलासुद्धा नाही. विलासराव परत जागेवर आले, सदरा सारखा केला आणि बायकोचा फडकं बांधलेला हात मुठीत धरला. तिच्या तोंडातून बारीक आवाज आला, दार करकरल्यासारखा.

आबा कॅमेऱ्याच्या काचेत बघत होते. त्या काचेत डावं उजवीकडं दिसतं आणि उजवं डावीकडं, पण काळा-निळा डोळा कुठल्याही बाजूला काळा-निळाच दिसतो. त्यांनी पाहिला. त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं. मग त्यांनी त्यांच्या धंद्याला शोभेल तेच केलं.

"बाई, त्वांड सूर्याकडं करा. आजून. आजून वाईच." तिचा चेहरा वळत वळत शेवटी नाकाची नुसती कड राहिली. "झ्याक. पावणं, हात सोडा जरा, बरं दिसंना."

"ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ दे मग," आबा म्हणाले. "कोपराच्या वर कापू."

आणि खटका वाजला.

परत येताना मी म्हणाले, "आबा, त्या बाईचा हात—" पुढचं वाक्य भर रस्त्यात माझ्या गालावर विझलं. "जे चौकटीत न्हाय, त्ये आपलं न्हाय," आबा म्हणाले. गाल चोळत मी मागं चालत राहिले. आज मी त्या वाक्यावर हसू शकते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या बापाच्या हातात कॅमेरा नसून सुरी आहे.

प्रिंट करायचं काम माझं होतं, कापायचंही माझं. दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली मी आख्खी निगेटिव्ह मोठ्या कागदावर टाकली. एक हजार एक, एक हजार दोन, असे सेकंद मनात मोजत होते. कागद औषधाच्या डिशमध्ये हलवला आणि आधी सूर्य आला, मग पाणी, मग दोन काळ्या आकृत्या, सुंदर, कॅलेंडरावर छापाव्यात अशा. उजव्या कडेला संध्यामठ उमटला, त्याच्यापुढं म्हशीची पाठ आणि खाली बसलेला म्हातारा. आणि कोपराच्या खाली, चकाकत्या पाण्यावर अगदी स्वच्छ, विलासरावांची मूठ. मुठीतून सुलोचनाचा हात खाली लोंबत होता आणि सांधा नव्हता तिथं वाकला होता. इतकी वर्षं मला सांध्यावर कापायचं नाही म्हणून मार बसला होता. सांधा कुठं असतो हे मला माझ्या नावासारखं माहीत होतं.

मी तो फोटो कापलाच नाही.

आमच्या माउंटची पद्धत अशी: खाली एक जाड पुठ्ठा, वर खिडकी कापलेला दुसरा पुठ्ठा, मध्ये फोटो. खिडकीतून दिसेल तेवढंच जग. एरवी आबा फोटो खिडकीच्या मापाचा कापून घ्यायचे आणि दोन्ही पुठ्ठ्यांना चारी कडांनी भरपूर डिंक लावायचे. मी आख्खा फोटो आत ठेवला, अशा बेतानं की खिडकीत फक्त समुद्र, सूर्य आणि दोन प्रेमळ माणसं यावीत. फोटोच्या पाठीवर, जिथं कुणाला दिसणार नव्हतं तिथं, स्टुडिओचा शिक्का मारला. आणि डिंक लावला दोन ठिपके. एक वर, एक खाली, ज्वारीच्या दाण्याएवढे.

आबांनी माउंट हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला. "क्षितिज सरळ हाय," म्हणाले आणि विलासरावांच्या हातात दिला.

विलासराव बघतच राहिले. "खरंच मालवण की वो!" त्यांनी नखानं पुठ्ठ्यावर टिचकी मारली. वरच्या ठिपक्याचा डिंक कुरकुरला, मला ऐकू आला. म्हातारा नुसता हसला म्हणून ह्या माणसानं त्याची नडगी फोडली होती. हा पुठ्ठा आता इथं सुटला असता तर काय फोडलं असतं? पण त्यांनी तो माउंट आपल्या मऊ हातांनी, मऊ पत्रासकट, पाकिटात घातला. "आमच्या अडतीची गाडी उद्या मालवणला निघतीया," म्हणाले. "तिथल्याच पोस्टाच्या पेटीत टाकाय सांगतो. शिक्का मालवणचाच बसंल." अशी त्यांची हुशारी. पण मी म्हणते, बरंच झालं. गाडीनं घाट उतरला, पाकीट ड्रायव्हरच्या घामट खिशात हिंदकळलं, खऱ्या समुद्राची खारी, ओली हवा त्या दोन ठिपक्यांना लागली. आबांच्या फोटोला जन्मात पहिल्यांदा समुद्र भेटला, आणि त्यानं आपलं काम केलं.

पण हे मला तेव्हा कुठं माहीत होतं! आठ दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. रोज दुपारी जयसिंगपूरच्या मामीनं पाठवलेलं भडंग ओच्यात घेऊन मी विलासरावांच्या बोळात जायची. दाराला बाहेरून कुलूप. चौथ्या दिवशी विलासराव दुपारीच घरी आले होते, कुलूप निघालेलं होतं, आणि मी भिंतीला टेकून ऐकलं. एकापाठोपाठ एक, सावकाश, चादर झटकावी तसा आवाज. किंकाळी नाही, शिवी नाही. मधूनच विलासरावांचा मऊ आवाज. समोरच्या घरातली बाई दारात तांदूळ निवडत होती, ती तशीच निवडत राहिली. भडंग माझ्या ओच्यातून कधी सांडलं कळलं नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं. आईनं आबांना सांगितलं. आबा त्या दिवशी ताट न भिरकावता उठले.

नवव्या दिवशी दुपारी स्टुडिओच्या दारात दोन माणसं उभी राहिली. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे, जागोजागी सोललेले. काजूच्या टरफलाचं तेल कातडं जाळतं, हे मला तेव्हाच कळलं. थोरला केरबा, धाकटा तुका. केरबानं पाठीवरचा शिक्का आमच्या पाटीशी ताडून काउंटरवर आधी फोटो ठेवला, मग सुटलेले दोन पुठ्ठे, आणि शांतपणे विचारलं, "बहिणीच्या घराला कुलूप हाय. ह्यो समुद्र कुठला वो?"

"मालवण," आबा सवयीनं म्हणाले.

"मालवणात संध्यामठ कवा बांधला?"

आबांनी तोंड उघडलं आणि केरबाचा काळा हात त्यात बसला. आबा तिकाटण्यासकट पडद्यावर, पडदा आरशावर, आरसा खाली. तुकानं काचेचं कपाट धरून ओढलं आणि निम्म्या कोल्हापूरच्या नवरा-नवरींच्या जोड्या फरशीवर पसरल्या. "माझ्या बहिणीचा हात दिसला न्हाय व्हय तुला? दिसला न्हाय?" प्रत्येक प्रश्नाला एक लाथ. आबा ओरडत नव्हते, हे मला आजही आठवतं. एरवी मीठ कमी पडलं तरी गल्ली डोक्यावर घेणारा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन मुकाट मार खात होता. जिन्यावरून आई धावत आली, हातात वरवंटा. मला वाटलं, आता एक मुडदा पडणार. आईनं वरवंटा केरबाच्या हातात दिला.

"ह्येला नगा मारू. बहीण तुमची त्या कुलपाच्या आतच हाय," ती म्हणाली. "ह्यो घ्या, कुलपाला लागंल."

कुलूप दोन घावांत तुटलं. सुलोचना बाहेर आली तेव्हा उजेडाला डोळे मिचकावत होती. म्हणजे एकच, दुसरा उघडतच नव्हता. तुका तिला बघून लहान पोरासारखा रडायला लागला. आणि नशीब असं नाटकी की त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी विलासरावांची सायकल वळली. ते पळाले असते, पण समोरच्या तांदूळवालीनं सूप खाली ठेवलं आणि पायरीवरची बादली उचलून त्यांच्या चाकाखाली सारली. इतक्या दिवसांनी तिला ऐकू आलं होतं.

त्यांना केसाला धरून रंकाळ्यापर्यंत नेलं. मागं सगळी गल्ली, तालमीतले पैलवान, मी पुढं. "समुद्र बघायचाय न्हवं तुला?" म्हणून केरबानं त्यांचं डोकं पाण्यात दाबलं. वर काढलं. "आलं का मालवण?" विलासरावांनी काहीतरी गुळगुळ केलं. "न्हाय आलं म्हणतोय," केरबा गर्दीला म्हणाला, आणि परत खाली. धोबी कपडे आपटायचे थांबले होते. तो म्हातारा गुराखी लंगडत पुढं आला, विलासरावांच्या नडगीवर आपली काठी एकदाच मारली, आणि म्हशीकडं परत गेला. पाण्यावर लाल रेघ पसरली. लोक हसत होते, मीही हसत होते. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण वर काढण्यातलं अंतर वाढत चाललं होतं आणि केरबाच्या तोंडावर आता काहीच नव्हतं, राग पण नव्हता.

"आण्णा," सुलोचना म्हणाली. मोडका हात पोटाशी धरून ती पाण्यापर्यंत आली होती. "सोड त्येला. यस्टी चुकंल."

एवढंच. केरबानं सोडलं. विलासराव काठावर पालथे पडून खोकत राहिले आणि त्यांच्याकडं कुणी वळून बघितलं नाही.

स्टँडवर जाताना ती आमच्या दारात थांबली. आबा काचा वेचत बसले होते, ओठ फाटलेला, एक डोळा तिच्यासारखाच मिटलेला. "फोटो काढायचाय," ती म्हणाली. तिकाटण्याचा एक पाय मोडला होता, तो मी धरून उभी राहिले. आबांनी काचेत पाहिलं, आणि मी कधी न ऐकलेल्या आवाजात विचारलं, "त्वांड कुणीकडं करता, बाई?"

"तुमच्याकडं," ती म्हणाली. पदर मागं सारला, फडकं सोडून हात पुढं धरला. उजेड समोरून होता, काही लपलं नाही. तो फोटो आबांनी कापला नाही. चारी कडांसकट तसाच, पाठीवर शिक्का मारून, आजऱ्याला पाठवला. पुढं कोर्टात तो कामाला आला असं केरबानं कळवलं.

ते गेल्यावर आबा काउंटरपाशी आले. केरबानं टाकलेले दोन पुठ्ठे तिथंच पडलेले होते. त्यांनी ते उचलले, उलटे केले, उजेडाकडं धरले. वरचा ठिपका, खालचा ठिपका. मग माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीला टेकले. पाची बोटं आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"दोन ठिपकं?" आबा म्हणाले. फाटक्या ओठातून रक्त यायला लागलं होतं. "दोन कशाला लावलंस गं, खुळे? एकानं भागलं असतं की! पुठ्ठं न्हाय सुटलं असतं म्हंजे?"